चार जागा, दोन लाख रुपये: उद्यमबागेतल्या एका जॉबवर्क कारखान्याची लॅपटॉप खरेदी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला मध्यम आकाराचा जॉबवर्क कारखाना, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीवर सुटे भाग करून देणारा. तीन सीएनसी (संगणकी प्रोग्रामवर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी म्हणजे उभं मशीनिंग सेंटर, पलीकडे ग्राइंडिंग. कास्टिंग जवळच्या फाउंड्रीतून येतं, मशीनिंग होऊन माल शिरोली, गोकुळ शिरगाव आणि चाकणच्या गिऱ्हाइकांकडे जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये मालकांनी संगणक बदलायला काढले. कारण साधं होतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि ऑफिसातले दोन लॅपटॉप सहाव्या पिढीच्या इंटेलचे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. पळवाटा काढून जुन्यावर ते बसवता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पैसे भरून विंडोज १० वर राहायचं तर व्यावसायिक वापरासाठी पहिल्या वर्षी एका यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दर वर्षी दुप्पट. नऊ वर्षांच्या यंत्रावर हा खर्च करण्यात अर्थ नव्हता.

चार जागांसाठी यंत्रं हवी होती: हिशेबाचं टेबल, मालक स्वतः, डिस्पॅच-इन्स्पेक्शन, आणि शॉप फ्लोअरवर सीएनसीला प्रोग्राम पाठवण्याची जागा. व्हीएमसीचं कॅम प्रोग्रामिंग (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्राम तयार करणं) वेगळ्या डेस्कटॉपवर चालतं, त्याला हात लावायचा नव्हता. बजेट जीएसटी सोडून दोन लाख.

तीन कोटेशनं आणि त्यांतल्या फटी

पहिलं कोटेशन शहरातल्या शोरूमचं. घरगुती वर्गातले चार एकसारखे लॅपटॉप, ४८,००० रुपयांना एक, कर धरून. कागदावर झकास: १५.६ इंची स्क्रीन, ५१२ जीबी एसएसडी, 'रायझन ५, ७००० सिरीज'. खाली बारीक अक्षरात प्रोसेसर ७५२०यू. इथे बरेच लोक फसतात. एएमडीच्या या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा असतो आणि तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, चार कोअर. ७५३०यू मध्ये तो ३, म्हणजे झेन ३, सहा कोअर. नावात एका आकड्याचा फरक, कामात बराच. शिवाय ७५२०यू सोबत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे ८ जीबी घेतली की कायमची ८ जीबी. इंटेलच्या बाजूला असाच सापळा आय३-एन३०५ चा. आठ कोअर खरे, पण सगळे वीज-बचतवाले, एकही दमदार कोअर नाही. या कोटेशनात विंडोजची होम आवृत्ती होती, नेटवर्क केबलचं पोर्ट नव्हतं, आणि वॉरंटी एक वर्षाची कॅरी-इन, म्हणजे यंत्र उचलून सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचं.

दुसरं कोटेशन कोल्हापूरच्या रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेली यंत्रं दुरुस्त करून विकणाऱ्या, विक्रेत्याचं: डेलचा लॅटिट्यूड ५४२०, अकराव्या पिढीचा आय५, १६ जीबी, २५,००० रुपये अधिक जीएसटी. तिसरं नव्या बिझनेस वर्गातल्या चार यंत्रांचं, तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसह (इंजिनीअर जागेवर येतो) प्रत्येकी ६४,००० अधिक जीएसटी. चारही घेतले तर २,५६,०००, म्हणजे बजेटच्या बाहेर.

मालकांचा कल पहिल्याकडे होता. चौघांना सारखंच मिळतं आणि सगळं नवं. पण चार जागांची कामं सारखी नाहीत, आणि बंद पडल्यावर होणारं नुकसान तर अजिबात सारखं नाही. म्हणून वेग कुठे लागतो हे बाजूला ठेवून, कुठलं यंत्र दोन दिवस बंद राहिलं तर काय अडेल, याचा हिशेब आधी मांडला.

जागेचा हिशेब

हिशेबाच्या टेबलावर टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जीएसटी पोर्टल, बँक. यातलं काहीच जड नाही, टॅलीला कुठलाही बरा प्रोसेसर पुरतो. पण महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) आणि २० तारखेला ३बी (कर भरण्याचं विवरण). त्या आठवड्यात यंत्र मेलं की विलंब शुल्क आणि व्याज, शिवाय गिऱ्हाइकाच्या २बी मध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीवरच्या कराच्या यादीत, बिल दिसत नाही म्हणून पेमेंट अडकतं. टॅलीचा डेटाही याच यंत्रावर, बाकीचे नेटवर्कवरून त्यात शिरतात. म्हणून इथे नवं यंत्र आणि ऑनसाइट वॉरंटी.

इथे डेस्कटॉप का नको, हा प्रश्न रास्त आहे. डेस्कटॉप स्वस्त पडतो आणि दुरुस्तीला सोपा. पण हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन गेली की नोंद अर्धी लिहिलेली असताना यंत्र बंद पडतं, आणि टॅलीचा डेटा बिघडण्याचं हे एक नेहमीचं कारण. यूपीएस घेतला तरी त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, आणि ती संपल्याचं लाइन गेल्यावरच कळतं. लॅपटॉपची बॅटरी किती उरली हे निदान पाहता तरी येतं.

मालकांचं यंत्र पुणे-कोल्हापूरला फिरतं. ड्रॉइंगची पीडीएफ, स्टेप फाइल (भागाचं त्रिमितीय मॉडेल) व्ह्यूअरमध्ये उघडणं, कोटेशनं. इथे स्क्रीनला महत्त्व. २५० निट (स्क्रीनचा उजेड) आणि ४५ टक्के एनटीएससी (रंगांची व्याप्ती) असं लिहिलेलं पॅनल खिडकीजवळ बसलं की फिकट पडतं, आणि ड्रॉइंगवरच्या बारीक टॉलरन्सच्या रेषा दिसत नाहीत. ३०० निटच्या खाली जायचं नाही हे ठरलं. या दोन नव्या यंत्रांचे निकष असे: १४ इंची आयपीएस स्क्रीन, १९२० बाय १२०० असेल तर उत्तम, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, नेटवर्क केबलचं आरजे-४५ पोर्ट, किमान दोन मोठे यूएसबी-ए पोर्ट, कारण डिजिटल सहीचा टोकन आणि पेन ड्राइव्ह अजून त्यातच बसतात, टाइप-सी वरून चार्जिंग, विंडोज ११ प्रो.

रॅम 'वाढवता येते' एवढं उत्तर पुरेसं नसतं. स्लॉट किती, हे विचारायचं. एकाच नावाच्या मालिकेतही पिढीगणिक ते बदलतं. लेनोवोच्या थिंकपॅड ई१४ च्या पाचव्या पिढीच्या इंटेल मॉडेलात काही रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट, सहाव्या पिढीत दोन मोकळे स्लॉट. रॅम दोन पट्ट्यांत विभागलेली असावी. अकराव्या-बाराव्या पिढीच्या इंटेलमध्ये एकच पट्टी असेल तर आयरिस एक्सई हे आतलं ग्राफिक्स पूर्ण ताकदीनं चालत नाही आणि विंडोज त्याला साधं यूएचडी म्हणून दाखवतं.

डिस्पॅच आणि शॉप फ्लोअर या दोन जागांना रिफर्बिश्ड लॅटिट्यूड ५४२०. डिस्पॅच बंद पडला तर गाडी दारात उभी राहते, मग तिथे जुनं कसं चालेल? चालतं, कारण दोन्ही यंत्रं एकाच मॉडेलची आहेत. डिस्पॅचचं बिघडलं तर शॉप फ्लोअरवरचं उचलून टेबलावर ठेवायचं, टॅलीचा डेटा नाहीतरी हिशेबाच्या यंत्रावरच आहे. चार्जर, रॅम, एसएसडी, कीबोर्ड सगळं एकमेकांना बसतं. ५४२० मध्ये दोन रॅम स्लॉट आणि आरजे-४५ पोर्ट दोन्ही आहेत. त्याच वयाच्या एचपीच्या एलिटबुक ८४० जी८ मध्ये नेटवर्क पोर्ट नाही, म्हणून दिसायला देखणं असूनही ते मागे पडलं.

शॉप फ्लोअरवर नवं यंत्र ठेवणं म्हणजे उगाच पैसे घालवणं. कास्ट आयर्नची धूळ वीजवाहक असते आणि कूलंटच्या धुक्यासोबत पंख्यातून आत जाऊन बोर्डावर चिकटते. तिथलं यंत्र दोन-तीन वर्षांत बदलायचं हे धरूनच चालावं.

कोल्हापूरहून आणायचं तर बिल कसं

सीमाभागातल्या खरेदीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कोल्हापूर जवळ, भाषा आपली, भाव बरा. गाडी काढली, काउंटरवर पैसे दिले, डबा डिकीत टाकला. विक्रेत्यानं महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीवरचा कर, लावून बिल दिलं. कारखान्याची नोंदणी कर्नाटकची, जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होणारा. महाराष्ट्रात भरलेल्या या कराचं क्रेडिट (आपल्या देण्यातून वळती) तिथे बसत नाही, आणि १८ टक्के अंगावर पडतात. या प्रकरणात विक्रेत्याला आधीच सांगितलं: बिल २९ च्या क्रमांकावर, आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा कर) लावून, आणि माल ट्रान्सपोर्टनं उद्यमबागेच्या पत्त्यावर. दोन यंत्रांची किंमत कर धरून ५९,००० झाली. आंतरराज्य वाहतूक आणि ५०,००० च्या वर, म्हणजे ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतंच. ते विक्रेत्यानंच काढलं.

दुसरी खुबी मार्जिन स्कीमची. जुन्या मालाचे काही विक्रेते फक्त आपल्या नफ्यावर जीएसटी भरतात. तसं बिल घेतलं तर खरेदीदाराला काहीच क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे 'जीएसटी बिल मिळेल का?' एवढं विचारून भागत नाही. बिलावर पूर्ण किमतीवरचा १८ टक्के कर वेगळा दाखवणार का, हे विचारायचं.

सप्टेंबरमध्ये कर कमी होणार म्हणून काही जण थांबले होते. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. लॅपटॉप आधीपासून १८ वर होते आणि तिथेच राहिले. थांबण्यात तोटाच होता, कारण संगणकावरचा घसारा ४० टक्के असला तरी त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा, म्हणजे २० टक्केच मिळतो. चार यंत्रांच्या १,७८,००० रुपयांवर ४० टक्के म्हणजे ७१,२००, निम्मे ३५,६००. सप्टेंबरअखेर यंत्रं वापरात आणायची हे म्हणूनच ठरलं. घसारा करासकट किमतीवर धरायचा नाही. कराच्या रकमेवर घसारा घेतला की तिचं क्रेडिट जातं.

रिफर्बिश्ड यंत्र उघडून पाहताना

माल आल्यावर पैसे पूर्ण देण्याआधी तपासणीला प्रत्येक यंत्रामागे पाऊण तास दिला. या तपासणीत घाई करू नये.

पहिली गोष्ट बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारी यंत्राची मूळ सेटिंग. चालू करताना एफ२ दाबून आत जा. ॲडमिन पासवर्ड मागितला तर यंत्र परत करा, तो नंतर कुणी काढून देत नाही. तिथेच ॲब्सोल्यूट नावाची चोरी-प्रतिबंधक सोय सुरू आहे का ते पहा. स्क्रीनवरचा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग आणि खाली चिकटवलेला टॅग जुळला पाहिजे. जुळत नसेल तर बोर्ड बदललेला असू शकतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोक करतात. विंडोज पेन ड्राइव्हवरून कोरी बसवा आणि बसवताना यंत्र इंटरनेटला जोडलेलं ठेवा. मोठ्या कंपन्यांतून निघालेली काही यंत्रं त्यांच्या व्यवस्थापनाच्या यादीतून काढलेली नसतात. अशा यंत्रावर नेट जोडताच कुठल्यातरी कंपनीचं नाव येतं आणि तिथला ईमेल मागितला जातो. विक्रेता नेट न जोडता विंडोज बसवून देतो, म्हणून दुकानात हे दिसत नाही. सहा महिन्यांनी विंडोज नव्यानं बसवायची वेळ आली की दिसतं. कोरं बसवल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप झालं पाहिजे. विक्रेत्यानं वेगळी की (परवान्याचा क्रमांक) टाइप करायला दिली तर ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या व्हॉल्यूम परवान्यातली असते आणि पुढे कधीही रद्द होऊ शकते.

तिसरी बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं दिलं की एक अहवाल तयार होतो. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची क्षमता) असे दोन आकडे. ५४२० ला ४२ किंवा ६३ वॉट-अवरची बॅटरी येते, तेव्हा डिझाइनचा आकडा यांपैकी एकाजवळ हवा. दुसरा आकडा पहिल्याच्या ८० टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलून मागा. आलेल्या दोन यंत्रांपैकी एकात तो ७० टक्क्यांच्या खाली होता. विक्रेत्यानं बदलून दिली. बदललेली बॅटरी चांगल्या बनावटीची आहे ना, हे बायोसमधल्या बॅटरी माहितीत पहा. ओळख न पटणारी बॅटरी असेल तर तिथेच इशारा येतो. चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-क्रमांक असतो. तो नसलेला चार्जर घेऊ नका.

एसएसडीचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर सांगतं, रॅमचे स्लॉट टास्क मॅनेजर. मग वीस मिनिटं प्रोसेसरवर पूर्ण भार देऊन पंखा आणि तापमान. बिजागरी एका हातानं उघडून पहा, सगळ्या कळा दाबून पहा.

बसवताना काय बिघडलं

टॅली हलवताना जुन्या यंत्रावरचा परवाना आधी सरेंडर करायचा (सोडून द्यायचा), मग नव्यावर ॲक्टिव्हेट. उलट क्रम केला की परवाना अडकतो आणि मदतकेंद्राला फोन. डेटाचं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करण्याआधी टॅलीतूनच बॅकअप घेतला. डेटा वाय-फायवरून न वापरता केबलवरून वापरायचा म्हणून आठ पोर्टचा नेटवर्क स्विच घातला. लाइन गेली की लॅपटॉप चालू आणि स्विच बंद, मग डिस्पॅचची अर्धी नोंद तुटते; म्हणून राउटर आणि स्विचला छोटा यूपीएस. तो बारा व्होल्टचा घेतला आणि स्विच निघाला नऊ व्होल्टचा. ॲडॅप्टरवरचा व्होल्टेज वाचून मगच यूपीएस घ्यायचा, आणि वेगवेगळे व्होल्टेज देणारा मिळतो तो घ्यायचा.

खरा घोळ शॉप फ्लोअरवर झाला. लेथवरच्या जुन्या फॅनुक कंपनीच्या कंट्रोलना प्रोग्राम आरएस-२३२ या सिरीयल केबलीनं जातो. आधी तिथे सिरीयल पोर्टवाला जुना विंडोज ७ चा डेस्कटॉप होता. लॅपटॉपला यूएसबीवरून सिरीयल करणारी निळी केबल लावली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि संदेश: पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद, विक्रेत्याला विचारा. विंडोज ११ चा ड्रायव्हर ती चिप घेतच नाही. बाजारात अजून असल्या केबली आणि त्यांच्या नकला विकल्या जातात. एफटीडीआय कंपनीची चिप असलेला, ऑप्टो-आयसोलेटेड (दोन बाजू विजेनं न जोडणारा) ॲडॅप्टर घेतला. महाग पडतो, पण मशीनचं अर्थिंग आणि लॅपटॉपचं अर्थिंग यांत फरक असला की साध्या केबलीतून करंट वाहतो आणि कंट्रोलचं पोर्ट जळतं. ते बोर्ड दुरुस्त करण्याचा खर्च लॅपटॉपच्या किमतीला सहज मागे टाकतो. केबल लावताना-काढताना दोन्ही बाजू बंद ठेवायच्या, आणि लांबी १५ मीटरच्या आत.

जोडल्यावर अलार्म आले ते क्रमानं सुटले. ०८५ म्हणजे बॉड रेट (पाठवण्याचा वेग) किंवा पॅरिटी (चूक तपासण्याची खूण) जुळत नाही. कंट्रोलवर जे आहे तेच लॅपटॉपवर ठेवायचं, उलट नाही. ०८६ म्हणजे समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल नाही, बहुधा केबलीतली जोडणी चुकलेली. ०८७ म्हणजे कंट्रोलनं थांब म्हटलं आणि लॅपटॉप थांबला नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे थांब-चालू कर असे संकेत पाळणं, सुरू करायचं. लांब प्रोग्राम मध्येच तुटत असेल तर विंडोजमधली झोप आणि यूएसबीची सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट बंद करण्याची सोय) दोन्ही बंद करा. हे यंत्र ग्राइंडरपासून लांब, फिल्टर लावलेल्या पत्र्याच्या कपाटात ठेवलं. महिन्यातून एकदा हातपंपानं धूळ काढायची. शॉपमधला कॉम्प्रेसर वापरला की पाणी आत जातं आणि पंखा नको त्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. हे ऑपरेटरला दोनदा सांगावं लागतं.

टेबलावर कायम चार्जरला लावलेल्या यंत्रांची बॅटरी फुगू शकते आणि टचपॅड वर येतो. लॅटिट्यूडच्या बायोसमध्ये 'मुख्यतः एसी वापर' निवडलं, नव्या यंत्रांवर कंपनीच्या ॲपमधून ८० टक्क्यांची मर्यादा घातली. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होतो (कीशिवाय वाचता येत नाही). बायोस अपडेटनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली आणि ती कुणाकडेच नसली तर डेटा गेला. चारही यंत्रांच्या की छापून कारखान्याच्या करारपत्रांच्या फायलीत ठेवल्या.

शेवटचा खर्च, जीएसटी सोडून: दोन नवी यंत्रं १,२८,०००, दोन रिफर्बिश्ड ५०,०००, आयसोलेटेड ॲडॅप्टर २,४००, एक टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क ९,६००, ६५ वॉटचा जादा टाइप-सी चार्जर २,८००, स्विच, केबली आणि छोटा यूपीएस ३,७००. एकूण १,९६,५००, त्यावर कर ३५,३७०. क्रेडिट पूर्ण मिळालं. दोन डिस्क बॅकअपसाठी आठवड्याआड आलटून पालटून लावायच्या, एक नेहमी मालकांच्या घरी.

ऑनसाइट वॉरंटी घेताना पिन कोड लिहून पाठवला आणि उत्तर ईमेलवर मागितलं. बेळगाव शहराचे पिन ५९० ने सुरू होतात, खानापूर-निपाणीकडचे ५९१ ने. शहरात इंजिनीअर येतो म्हणून तालुक्यातही येईल असं धरू नये. खानापूर रोडवर दुसरं युनिट काढायचा मालकांचा विचार आहे, तेव्हा तिथल्या पिनचंही त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवलं. नव्या यंत्रांची वॉरंटी कंपनीच्या नोंदीत कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून दिसत होती, बिलाच्या तारखेपासून नाही. बिल अपलोड करून ती दुरुस्त करून घेतली, आणि सगळ्या यंत्रांचे सिरीयल क्रमांक, बिल क्रमांक, वॉरंटी संपण्याची तारीख एका पानावर लिहून हिशेबाच्या टेबलामागे चिकटवली.